घरच्या व्हिडिओसाठी एलईडी पट्टी निवडताना आधी लाल रंग तपासा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या परळच्या घरात दुपारी दोन वाजताही दिवा लावावा लागतो. खिडकी आहे, पण समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि वर भरलेलं आभाळ. अशाच एका दुपारी आईच्या हातच्या बांगडा माशाच्या तिखल्याचा व्हिडिओ करायचा म्हणून मी बाजारातून पाच मीटर एलईडी पट्टी आणली, ओट्यावरच्या कपाटाखाली चिकटवली आणि रेकॉर्डिंग केलं. उजेड भरपूर होता. संध्याकाळी आईला दाखवलं तर ती म्हणाली, "हे माझं तिखलं नाही गं."

खरंच नव्हतं. लालबागच्या मिरची गल्लीतून निवडून आणलेल्या बेडगीचा लालभडक रंग विटेच्या भुकटीसारखा दिसत होता, आणि आईचा चेहरा चार दिवस तापात काढल्यासारखा. मी आधी फोनला दोष दिला. मग एडिटिंगमध्ये लाल वाढवून पाहिला, तर मसाला सुधारायच्या आधी आईचे गाल आणि लाकडी पोळपाट लाल झाले. दोन पट्ट्या वाया गेल्यावर गणित सुटलं. तुमच्या दोन पट्ट्या वाचाव्यात म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. लाल जातो कुठे, ते आधी समजून घ्या

पांढरा दिसणारा एलईडी मुळात निळा असतो. आतली चिप सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो. निळ्यातला काही भाग हा थर शोषून घेतो आणि पिवळसर प्रकाश बाहेर टाकतो. उरलेला निळा आणि हा पिवळा एकत्र आले की डोळ्याला पांढरं दिसतं. पण या मिश्रणात गडद लाल फारच थोडा असतो.

आणि मिरची स्वतः लाल प्रकाश तयार करत नाही. तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला लाल तेवढा ती परत पाठवते. दिव्यातच लाल नसेल तर ती पाठवणार काय? कॅमेऱ्यापर्यंत जे पोचलंच नाही ते एडिटिंगमध्ये आणता येत नाही. जे आहे तेच ओढून ताणून वाढवावं लागतं, आणि मग गालही लाल होतात.

चांगल्या पट्टीत वेगळा लाल फॉस्फर मिसळलेला असतो. तो महाग पडतो. शिवाय आपला डोळा गडद लालाला कमी संवेदनशील असल्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये अशी पट्टी थोडी मंद वाटते. म्हणून दुकानात दोन पट्ट्या शेजारी शेजारी पेटवून "जी जास्त झगझगीत ती द्या" असं सांगू नका. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं.

२. खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

सीआरआय, म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, सगळ्यांच्या तोंडी असतो. १०० म्हणजे उत्तम. जुना तारेचा पिवळा बल्ब जवळपास १०० ला असतो. पण खोक्यावर छापलेला सीआरआय ही फक्त आठ नमुना-रंगांची सरासरी असते, आणि ते आठही रंग फिकट असतात. गडद लाल हा नववा नमुना, त्याला आर९ म्हणतात, आणि तो या सरासरीत धरलाच जात नाही. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या पट्टीचा आर९ शून्याच्या आसपास, कधी उणेसुद्धा असू शकतो. ९० च्या पट्टीचाही आर९ ५० च्या घरात असू शकतो. माझी दुसरी पट्टी अशीच ९० ची होती आणि तिने मला पुन्हा फसवलं.

तुम्ही मागायचं ते असं: सीआरआय ९५ किंवा वर, आणि आर९ ९० किंवा वर. दोन्ही. आर९ चा आकडा कुठेच दिलेला नसेल तर तो वाईट आहे असं धरून चाला. चांगला असता तर विकणाऱ्याने तो सगळ्यात मोठ्या अक्षरात छापला असता.

काही डेटाशीटवर (कंपनीच्या तांत्रिक माहितीच्या कागदावर) टीएलसीआय दिसेल. हा निर्देशांक युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने खास कॅमेऱ्यासाठी आणला. माणसाच्या डोळ्याऐवजी टीव्ही कॅमेऱ्याला रंग कसे दिसतील ते तो सांगतो. तो ९५ च्या आसपास असेल तर निश्चिंत व्हा. टीएम-३० ही आणखी नवी पद्धत, तिच्यात आठाऐवजी ९९ नमुने तपासतात.

दुसरा आकडा रंगतापमानाचा, केल्विनमध्ये. २७०० ते ३२०० म्हणजे पिवळसर, ५६०० म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, ६५०० म्हणजे आपल्याकडच्या ट्यूबलाइटचा निळसर पांढरा. दुकानात पिवळसरला वॉर्म आणि निळसरला कूल म्हणतात. केल्विन जास्त म्हणजे दर्जा चांगला, असा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. खिडकीचा उजेडही वापरणार असाल तर ५००० ते ५६०० घ्या. फक्त रात्री, सगळे दिवे आपल्या हातात ठेवून शूट करणार असाल तर ३२०० ही चालेल. दोन रंगतापमानांची मिश्र पट्टीही मिळते, पण तिला दोन चॅनेलचा कंट्रोलर लागतो. पहिल्या वेळेस त्या वाटेला जाऊ नका.

तिसरी गोष्ट खोक्यावर सहसा नसते: हिरवट छटा. केल्विन फक्त पिवळा की निळा एवढंच सांगतो. हिरव्याकडे झुकाव आहे की गुलाबीकडे, हे डीयूव्ही नावाच्या आकड्यावरून कळतं. शून्याच्या जितका जवळ तितका बरा. अधिक म्हणजे हिरवट, उणे म्हणजे गुलाबी. डेटाशीट मिळाली तर बघाच. आईचा चेहरा आजारी दिसत होता तो या हिरव्यामुळे.

३. काय काय लागेल

हे एका पॅनलचं, म्हणजे पत्र्यावर ओळीने पट्टी चिकटवून केलेल्या दिव्याचं, सामान आहे: दोन फूट बाय एक फूट, स्वयंपाकाच्या किंवा बसून बोलण्याच्या व्हिडिओला पुरेल एवढं.

- २४ व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी, मीटरला १२० एलईडी, साधारण १४ ते १५ वॅट प्रति मीटर, पाच मीटरचा रोल
- २४ व्होल्ट, १०० वॅटचा पॉवर सप्लाय
- दोन फूट बाय एक फूट ॲल्युमिनियमचा पत्रा, दीड-दोन मिलिमीटर जाडीचा
- लाल-काळी वायर, श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी), सोल्डरिंगचं सामान, मल्टिमीटर
- पत्रा पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल
- बटर पेपर किंवा पातळ पांढरं सुती कापड आणि त्याला धरणारी लाकडी चौकट
- तपासणीसाठी कुंकू, लाल तिखट, टोमॅटो, कोथिंबीर, पांढरी ताटली आणि एक जुनी सीडी

१२ व्होल्टची पट्टीही मिळते, मग २४ चा हट्ट का? ७२ वॅटला १२ व्होल्टवर ६ अँपिअर वाहतात, २४ वर ३. पट्टीतला तांब्याचा थर पातळ असतो. जितका करंट जास्त तितकं शेवटच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं आणि पट्टीचं शेपूट मंद होतं.

४. बाजारात जाताना

सगळं सामान एका फेरीत होतं. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने लोहार चाळीत शिरा. पट्ट्या, सप्लाय, वायरी सगळं तिथे आहे. पांढरं कापड शेजारच्या मंगलदास मार्केटमध्ये. सोल्डरिंगचं सामान आणि मल्टिमीटरसाठी मला ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड सोयीचा वाटतो. रविवार सोडून जा, आणि शक्यतो सकाळी, म्हणजे दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

आता सापळे.

"नब्बे प्लस है, बिनधास्त ले जाओ" हे मी एका दुकानात ऐकलं आणि बिलावर लिहून मागितलं. लिहून मिळालं नाही, मी पट्टी तिथेच ठेवली. तुम्हीही रोलच्या खोक्यावर छापलेला आकडा किंवा कंपनीची डेटाशीट मागा. बहुतेक दुकानांत उत्तम रंगाची पट्टी मांडलेली नसतेच, कारण दुकानांच्या सजावटीला आणि फॉल्स सीलिंगला ती लागत नाही. ज्वेलरी आणि कपड्यांच्या शोरूमसाठी माल देणाऱ्यांकडे विचारा. सोनं आणि साड्या नीट दिसल्या पाहिजेत म्हणून त्यांना चांगला सीआरआय ठेवावा लागतो. तरीही नाही मिळाली तर ऑनलाइन मागवा. मी शेवटी तेच केलं आणि साध्या पट्टीच्या जवळपास तिप्पट पैसे मोजले. पश्चात्ताप नाही.

रंग बदलणारी आरजीबी पट्टी घेऊ नका. तिच्यातला पांढरा लाल, हिरवा आणि निळा जोडून बनतो, मधले रंग गायब असतात आणि त्वचा फार वाईट दिसते. मागे रंगीत झगमग हवी असेल तर ती खुशाल लावा, चेहऱ्यावर नको.

थेट २३० व्होल्टवर चालणारी, गणपतीच्या आराशीला वापरतात ती जाड प्लास्टिकची दोरीसारखी पट्टी शूटिंगला अजिबात नको. ती मेनच्या लयीत लुकलुकते. सहाव्या पायरीत याबद्दल.

कॉब पट्टीत ठिपके दिसत नाहीत, सलग रेघ दिसते. छान दिसते, पण कॉब म्हणजे चांगला रंग असं नाही. तिलाही तेच दोन आकडे, सीआरआय आणि आर९, विचारा.

सिलिकॉनचं आवरण असलेली वॉटरप्रूफ पट्टी घरात लागत नाही. आवरणामुळे रंग थोडा सरकतो आणि उष्णता अडते. आयपी२०, म्हणजे पाण्यापासून संरक्षण नसलेली, पुरे.

दोन रोल लागणार असतील तर एकाच बॅचचे घ्या. वेगवेगळ्या बॅचच्या पट्ट्या शेजारी लावल्या तर एक गुलाबी, एक हिरवट दिसू शकते आणि ते व्हिडिओत लपत नाही.

पॉवर सप्लायवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी खूण आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे का पाहा. बीआयएस केअर या सरकारी ॲपवर तो क्रमांक दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो. इथे पैसे वाचवू नका. ही वस्तू मेनला जोडलेली असते आणि तुमच्या स्वयंपाकघरात असते.

५. पूर्ण रोल घेण्याआधी घरी चाचणी करा

एक मीटर तुकडा मिळाला तर आधी तोच आणा. ऑनलाइन असेल तर परत घेण्याची अट वाचूनच मागवा आणि रोल कापण्याआधी हे करा. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे.

पांढऱ्या ताटलीत कुंकवाची चिमूट, लाल तिखट, टोमॅटोची फोड आणि कोथिंबीर मांडा. शेजारी स्वतःचा तळहात ठेवा. सकाळी अकराच्या सुमारास खिडकीपाशी, ऊन थेट पडत नसेल अशा जागी, पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स धरून (म्हणजे पांढरा रंग कोणता ते कॅमेऱ्याला ठरवून देऊन) एक फोटो काढा. रात्री घरातले सगळे दिवे बंद करून फक्त पट्टीच्या उजेडात, पुन्हा त्याच कागदावर व्हाइट बॅलन्स धरून, दुसरा फोटो. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर ऑटोमध्ये काढू नका, तो स्वतःच्या मनाने रंग बदलतो. प्रो मोड किंवा एखादं मॅन्युअल कॅमेरा ॲप वापरा.

दोन्ही फोटो शेजारी ठेवा. आधी कुंकू बघा. वाईट पट्टीत ते नारिंगी-तपकिरीकडे झुकतं. मग तळहात: बोटांची पेरं आणि तळव्याच्या कडा गुलाबी असतात, तो गुलाबी दिसतो का? फिकट, पिठूळ हात दिसला तर लाल कमी आहे. मग ताटलीच्या सावलीची कड बघा, तिथे हिरवट झाक पटकन कळते. कोथिंबीर जवळपास प्रत्येक पट्टीत चांगली दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

घरात जुना तारेचा बल्ब असेल तर त्याच्या उजेडातही एक फोटो काढा. पावसाळ्यात खिडकीचा उजेड मिनिटामिनिटाला बदलतो, बल्ब बदलत नाही.

आता सीडी. अंधारात पट्टीचा एकच एलईडी उघडा ठेवा, बाकी जाड कागदाने झाका, आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर तिरकं बघून त्याचा इंद्रधनुष्यासारखा पट्टा शोधा. तारेच्या बल्बचा पट्टा निळ्यापासून गडद लालापर्यंत सलग उतरतो. साध्या एलईडीत निळा ठळक, मग निळ्या-हिरव्याच्या मध्ये काळपट खाच, आणि लाल टोक लवकर विझलेलं. चांगल्या पट्टीत लाल टोक लांबपर्यंत जातं. माझ्या तिन्ही पट्ट्या मी अशा ओळीने पाहिल्या. आकड्यांचं सगळं वाचन त्या एका क्षणी डोळ्यांना पटलं.

६. लुकलुक तपासा

आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यात मात्र सरकते काळे पट्टे येतात. चांगल्या डीसी सप्लायवर पूर्ण उजेडात चालणारी पट्टी लुकलुकत नाही. गडबड करतो तो स्वस्त डिमर. तो पट्टी वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करतो, आणि हा वेग कमी असला की पट्टे उमटतात.

फोनच्या स्लो मोशनमध्ये पट्टी शूट करून बघा, आधी पूर्ण उजेडात, मग डिमर अर्ध्यावर आणून. पट्टे दिसले तर डिमर बदला किंवा काढूनच टाका. मी डिमर वापरत नाही. पॅनलच्या दहा ओळींपैकी पाच एका स्विचवर, पाच दुसऱ्या स्विचवर घेतल्या आहेत. उजेड कमी हवा तर एक बंद.

७. पॅनल बांधा

पाच मीटरचे अर्ध्या मीटरचे दहा तुकडे होतात. कात्री फक्त कापायच्या खुणेवरच चालवा. २४ व्होल्टच्या पट्टीवर ती बहुतेक दर सहा-सात एलईडींनंतर असते. मधे कापलं तर तेवढे एलईडी मेले. अर्धा मीटर खुणेवर येत नसेल तर जवळच्या खुणेवर कापा, एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही.

पत्रा अल्कोहोलने पुसा, पावणेतीन-तीन सेंटिमीटर अंतरावर ओळी आखा आणि तुकडे चिकटवा. पत्रा शोभेसाठी नाही. एलईडी तापला की उजेड घटतो, आयुष्य घटतं, आणि मुंबईच्या मे महिन्यात मागचा चिकट थर सुटून पट्टी लोंबकळते. प्लायवूडवर चिकटवलेली माझी पहिली पट्टी अशीच सुटली. मात्र कापलेल्या कडेचं तांबं पत्र्याला टेकून शॉर्ट होऊ शकतं, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांखाली कॅप्टॉन टेप, म्हणजे उष्णता सोसणारी इन्सुलेशनची टेप, लावा.

सगळ्या तुकड्यांचे प्लस एका जाड वायरला, सगळे मायनस दुसऱ्या. दोन स्विच हवे असतील तर पाच-पाच तुकड्यांच्या प्लसच्या वायरी वेगळ्या ठेवा. जोडणीवर श्रिंक स्लीव्ह चढवाच. समुद्राच्या हवेत उघडं तांबं काही महिन्यांत हिरवं पडतं आणि एखादी ओळ मंद होते.

सप्लायचं गणित: ५ मीटर गुणिले १४.४ वॅट म्हणजे ७२ वॅट. त्यावर किमान २० टक्के मोकळीक ठेवली की ८६ च्या वर. म्हणून १०० वॅटचा. उघड्या स्क्रूचा जाळीदार डब्यातला सप्लाय घेतला तर मेनच्या वायरीचे स्क्रू उघडे असतात. तो बंद डब्यात, हवा खेळेल असा बसवा, अर्थिंगची वायर पत्र्यालाही जोडा, आणि २३० व्होल्टची बाजू वायरमनकडूनच करून घ्या. मी आमच्या इमारतीच्या वायरमनकाकांकडून करून घेतली. तेवढ्या कामासाठी त्यांनी चहावर भागवलं.

पेटवण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस शॉर्ट नाहीत ना ते बघा. पेटवल्यावर दहा मिनिटांनी पत्र्याच्या पाठीला बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर बंद करा आणि ओळी कमी करा.

८. शूटिंगच्या दिवशी

पॅनलसमोर वीतभर अंतरावर बटर पेपरची चौकट धरा, नाहीतर कढईच्या काठावर दहा ओळींचे ठिपके मोजता येतील. बटर पेपरने उजेड किंचित पिवळसर होतो, म्हणून व्हाइट बॅलन्स तो लावल्यानंतरच धरा. स्वयंपाकासाठी पॅनल भांड्याच्या बाजूला, थोडं मागे आणि वर ठेवा, म्हणजे रश्शावरचं तेल चमकतं आणि वाफ दिसते. समोरून मारलेल्या उजेडात दोन्ही हरवतात. बोलणाऱ्या माणसासाठी एका बाजूने, डोळ्यांच्या जरा वरून. गॅसपासून हातभर लांब.

खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, हे विसरू नका. ९५ ची पट्टी आणि साधी ट्यूब एकत्र पेटली की अर्धा चेहरा खरा आणि अर्धा हिरवा होतो, आणि कुठलाच व्हाइट बॅलन्स दोघांना सांभाळू शकत नाही. ट्यूब चालू ठेवणं भागच असेल तर फोन सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर सेकंदाच्या ५० व्या किंवा १०० व्या भागावर ठेवा, निदान पट्टे तरी येणार नाहीत.

रेकॉर्ड दाबण्याआधी ताटलीत चिमूटभर कुंकू ठेवून पाच सेकंद शूट करा आणि फोनवर तिथेच बघा. गेल्या महिन्यात तिखलं पुन्हा केलं, तेव्हा हे पाच सेकंद मी आईलाच दाखवले. तिने फोन हातात घेतला, कुंकवाकडे बघितलं, मग कढईकडे बघितलं आणि म्हणाली, "आता घाल तिरफळं."